कोरं रक्त

"जुळल्या, मॅडम. दोन्ही पद्धती अगदी तंतोतंत जुळल्या," असं म्हणत कौस्तुभ पाध्येनं अहवाल माझ्या पुढ्यात सरकवला आणि वर स्वतःचं पेनही काढून दिलं.

समोरच्यानं स्वतःहून पेन पुढे केलं की मला संशय येतो. माझं नाव मृदुला ठेवणाऱ्या आत्याचा अंदाज साफ चुकला, असं आमच्या प्रयोगशाळेत सगळे म्हणतात, तेही माझ्या तोंडावर. मी पेन बाजूला ठेवलं.

"परवापर्यंत तर जुळत नव्हत्या."

"परवा यंत्राचं शून्य नीट लावलेलं नव्हतं. काल मी ते तुमच्याच कोऱ्या सीरमवर लावून घेतलं. फरक गेला."

कौस्तुभ हा नवं यंत्र बसवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर, पुण्याहून आलेला. मुलगा हुशार, पण घाईचा. त्याला त्या दिवशीच परतायचं होतं. आणि मला असं वाटत होतं, की फरक असा जात नसतो, तो कुठेतरी लपून बसतो.

हे सगळं कशासाठी चाललं होतं ते आधी सांगते. सन दोन हजार एकोणचाळीस. जुनी अँटिबायोटिक्स एकामागून एक निकामी झाली होती. साध्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माणूस जंतुसंसर्गानं जायचा आणि डॉक्टर हात चोळत बसायचे. तेव्हा 'तारक' आलं. तारक म्हणजे गोळी नाही की इंजेक्शन नाही, तो एक जिवंत जिवाणू. दह्यातल्या जिवाणूचाच भाऊबंद, पण त्याच्या जनुकांत फेरफार करून त्याला तारासिन नावाचं औषध बनवायला शिकवलेलं. रुग्णानं सकाळी आंबट दुधाचा एक पेला प्यायचा आणि त्यासोबत एका खास साखरेची पुडी घ्यायची. आतड्यात पोचलेला जिवाणू ती साखर मिळेल तोवर औषध बनवत राहतो आणि ते औषध तिथून रक्तात उतरतं. साखर बंद केली की जिवाणू उपाशी मरतो. हे त्याचं कुलूप, आणि ते कधीच उघडणार नाही अशी कंपनीची खात्री होती. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव, त्यामुळे तारक आमच्याकडे लवकर आलं आणि त्यानं शेकडो माणसं वाचवली. हे मी मनापासून सांगते, कारण पुढचं ऐकून कुणी त्याला नुसतं विष म्हणू नये.

पण औषध म्हटलं की त्याचं एक माप असतं. तारासिन रक्तात आठाच्या खाली गेलं तर जंतू मरत नाहीत. बाराच्या वर गेलं तर ते कानाच्या आतल्या बारीक पेशी मारतं. त्या एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. आधी उंच, पातळ आवाज जातात, मग हळूहळू खालचे. म्हणून प्रत्येक रुग्णाचं रक्त रोज आमच्याकडे यायचं आणि आम्ही औषधाची पातळी मोजून द्यायचो.

आमची मोजायची पद्धत जुनी होती. काचेच्या बशीत खळीसारखा थर ओतायचा, त्यात औषधाला मरणारे जंतू मिसळायचे, थराला छोटी भोकं पाडून त्यांत रुग्णाचं रक्तद्रव, म्हणजे सीरम, घालायचं. औषध जितकं जास्त, तितकं भोकाभोवती जंतू मेलेलं स्वच्छ कडं मोठं. ते कडं मोजायचं. कौस्तुभचं यंत्र यातलं काही करत नव्हतं. ते रक्तातल्या एकेका रेणूचं वजन करून तारासिनचे किती आहेत ते सांगायचं. आम्हाला जे कळायला दुसरा दिवस उजाडायचा ते त्याला चहा होईपर्यंत कळायचं. जुनी पद्धत बंद करण्याआधी दोन्हीकडे त्याच रुग्णांचं रक्त तपासून आकडे ताडून बघायचे, असा नियम. ताडून बघितले, तर आमची बशी दरवेळी यंत्रापेक्षा थोडं कमी दाखवत होती. शून्य पूर्णांक सहा.

"बशी जुनी झाली, मॅडम. आळशी झाली," कौस्तुभ आधी म्हणाला होता.

"आळशी असती तर मोठ्या आकड्याला मोठा फरक पडला असता," मी म्हणाले होते. "इथे पाचालाही तेवढाच आणि पंधरालाही तेवढाच. वाण्याच्या तराजूत एका पारड्याखाली चिंच चिकटली असेल तर पाव किलोलाही तेवढीच खोट येते आणि पाच किलोलाही. हा पासंगाचा फरक आहे."

पासंग शोधायचा सोडून त्यानं तो दोन्ही पारड्यांना सारखा लावला होता. म्हणून सगळं जुळलं होतं.

"तुम्ही आमचं कोरं सीरम यंत्रात घातलंत, तेव्हा यंत्रानं किती दाखवलं?" मी विचारलं.

"पॉइंट सहा. पण तो नुसता गोंगाट असतो, मॅडम. लोकल सीरमचा."

कोरं सीरम म्हणजे ज्यात औषधाचा कणही नाही असं. त्यात मोजूनमापून तारासिन घालायचं, एक, दोन, चार, आठ, आणि त्या मापांशी रुग्णाच्या रक्ताची तुलना करायची. हे पाण्यात करून भागत नाही, कारण रक्तातली प्रथिनं औषधाला धरून ठेवतात. माणसाचंच रक्त लागतं. विकत मिळतं, पण ते परदेशातून येतं, विमानतळावर अडकतं आणि आमच्या हाती पडेपर्यंत नासतं. म्हणून आमच्याकडे पहिल्यापासूनची रीत अशी, की दर तिमाहीला प्रयोगशाळेतल्या माणसांनीच बाही वर करायची. सगळी धडधाकट, कुणी कसल्या औषधावर नाही. सगळ्यांचं रक्त एकत्र करून त्याचं सीरम काढायचं. त्या दिवशी कॅन्टीनमधून शिरा यायचा. नवीन लागलेल्या मुलांना तर हा मान वाटायचा.

आणि ते कोरं सीरम बशीत कोरंच दिसायचं, कारण इतक्या थोड्या औषधानं कडं उमटतच नाही.

"बाही वर करा," मी म्हणाले.

"कुणी, मी?" कौस्तुभ दचकला.

"तुम्हीच. तुमचा लोकल गोंगाट किती आहे ते बघू."

शेजारच्या टेबलावरून नसरीन हसत उठली आणि सुई घेऊन आली. नसरीन सतारमेकर आमच्या प्रयोगशाळेचा दुसरा खांब. आम्ही दोघी एकाच वर्षी इथे लागलो, एकाच वर्षी आमचे चष्मे आले. तिनं त्याचं रक्त काढलं, मग माझं, मग स्वतःचं, आणि तिन्ही यंत्रात घातली.

कौस्तुभचं शून्य आलं. स्वच्छ, सपाट शून्य. माझं शून्य पूर्णांक सहा, नसरीनचं शून्य पूर्णांक सात.

मला भीती वाटली, खरंच वाटली. आम्ही कधी तारकचा पेला तोंडाला लावला नव्हता.

"म्हणजे तुमच्या रक्तात..." कौस्तुभ म्हणाला.

"म्हणजे आम्ही वर्षभर जे शून्य धरून चाललो, ते शून्य नव्हतं," मी म्हणाले. "आणि रुग्णांना आम्ही कमी पातळी सांगत होतो. मग डॉक्टर काय करणार? पुडी वाढवणार."

नसरीन खुर्चीत बसली. "पण आपल्या अंगात आलं कुठनं गं?"

मी विचार करत होते. हवेतून? पाण्यातून? आम्ही सगळे एकाच नळाचं पाणी पितो, पण आल्यापासून कौस्तुभही तेच पीत होता. मग मला आदल्या दिवशीचं जेवण आठवलं. डबे उघडले होते, नसरीननं मोठा स्टीलचा डबा मधे ठेवला होता, नेहमीसारखा, आणि कौस्तुभ म्हणाला होता, "नको, मॅडम, मला दही चालत नाही. पोट बिघडतं."

मी नसरीनकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं.

नसरीनच्या घरचं दही म्हणजे काय सांगू. सुरीनं कापावं असं. आख्खी प्रयोगशाळा त्यावर जगायची. वर्षभरापूर्वी मीच तिच्याकडून वाटीभर विरजण नेलं होतं, आणि तेव्हापासून आमच्या घरीही तसंच लागायचं.

"अब्बांचा गुडघा," ती पुटपुटली. "दोन वर्षांपूर्वी अब्बांना तारक दिलं होतं."

त्याच संध्याकाळी आम्ही तिच्या घरी गेलो.

नसरीनचे अब्बा मिरजेतले तंबोरा करणारे. त्यांच्या घरात शिरलं की भोपळ्यांचा आणि लाखेचा वास येतो. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ते जवळजवळ गेलेच होते, तारकनं परत आणले. अम्मीला विचारलं तर तिनं काहीएक लपवलं नाही. लपवण्यासारखं काही आहे असं तिला वाटतच नव्हतं.

"पेल्याच्या तळाला राहायचं गं थोडं. दवा होती ती, एवढी महागाची. ओतून कशी द्यायची? दुधात घातली. सकाळी बघते तर काय दही लागलंय! तेच विरजण चालू आहे अजून." मग आमचे चेहरे बघून ती घाबरली. "काय झालं? काही वाईट केलं काय मी?"

"नाही अम्मी," मी म्हणाले. कुलूप कसं उघडलं ते माझ्या लक्षात आलं होतं. दुधात तारकचा जिवाणू आणि घरचे जिवाणू एकत्र नांदले. जिवाणू आपले गुण एकमेकांना देतात, हे आम्ही पहिल्या वर्षाच्या मुलांना शिकवतो. औषध बनवण्याचा गुण घरच्या जिवाणूनं घेतला, उपाशी मरण्याचा घेतला नाही. त्याला कसल्या खास साखरेची गरज नव्हती. तो दुधावर जगत होता.

अब्बा कोपऱ्यात बसून एका तंबोऱ्याची जवारी लावत होते. तारा ज्या घोडीवरून जातात तिचा माथा कानसेनं इतका बारीक घासायचा, की तार छेडल्यावर सूर गुंजत राहिला पाहिजे. त्याला जवारी म्हणतात, आणि अब्बांच्या हातची जवारी म्हणजे धारवाडपासून पुण्यापर्यंत नाव.

"हा तंबोरा परत आला बघ, बेटी," ते मला म्हणाले. जरा मोठ्यानंच म्हणाले. "गाणारी बाई म्हणते, कानाला टोचतो. चरचरतो. मला तर गोड लागतोय. मी आपला माझ्या कानाला गोड लागेपर्यंत घासतो. चाळीस वर्षं तसंच करतोय."

त्यांनी तार छेडली. मी ऐकलं. मला काही टोचलं नाही. मलाही तो तंबोरा गोड लागला.

घरी येताना नसरीन माझ्या दारापाशी गाडी थांबवून म्हणाली, "मृदुला, अहवालात काय लिहिणार आहेस?"

"जे आहे ते."

"आमच्या घरचं नाव?"

मी तिच्याकडे बघितलं. गाव कसं असतं ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. "सतारमेकरांचं दही" असं एकदा कुणाच्या तोंडी बसलं, की पुढे कोण काय करेल सांगता येत नाही.

"तारक घेतलेली शेकडो घरं आहेत गावात," मी म्हणाले. "औषध ओतून न देणारी अम्मी प्रत्येक घरात असणार. तुमच्या एकट्या घरचं नाव लिहिणं म्हणजे खोटंच लिहिणं होईल."

तिनं मान हलवली आणि डोळे पुसले. मीही पुसले. मग वर बघितलं तर माझ्या घरात दिवा होता. माझी मुलगी मुक्ता बाळंतपणाला माहेरी आली होती. सातवा महिना. जावई परीक्षित जहाजावर अधिकारी, तो सहा महिने समुद्रात, म्हणून तिला मी लवकरच आणलं होतं. आणि तिला डोहाळे लागले होते दहीभाताचे. मी रोज वाढत होते. दोन-दोन वेळा वाढत होते, आणि वर म्हणत होते, खा गं, बाळाला चांगलं.

मुक्ता आली त्या पहिल्या रात्रीचं तिचं बोलणं मला तेव्हा आठवलं. "आई, हे रातकिडे केवढे किरकिरतायत, झोपच येत नाही!" मी म्हणाले होते, "कुठले गं रातकिडे? यंदा नाहीतच. नगरपालिकेनं फवारणी केली." आमच्या सगळ्या सोसायटीचं तेच म्हणणं होतं, यंदा रातकिडे नाहीत.

मी गाडीतून उतरून अंगणात उभी राहिले आणि कान देऊन ऐकलं. काहीही ऐकू आलं नाही. मग आत गेले आणि मुक्ताला विचारलं, "रातकिडे आहेत का गं आज?"

ती खिडकीपाशी गेली. "नाहीत," म्हणाली. "बरेच दिवस नाहीत. गेले वाटतं."

दुसऱ्या दिवशी मुक्ताचं रक्त तपासलं. आमच्या सगळ्यांत जास्त तिचं आलं. तारासिन नाळेतून बाळाकडे जातं, हे औषधाच्या माहितीपत्रकात पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं. गरोदर बाईला तारक देत नाहीत ते त्यासाठीच. पाचव्या महिन्यानंतर बाळाचे कान तयार होत असतात, आणि औषध एकदा कानाच्या आत शिरलं की महिनोन्‌महिने बाहेर पडत नाही, रोजचं थोडंथोडंही तिथे साचत जातं.

मी तिला सगळं सांगितलं. सांगणं भागच होतं. तिनं पोटावर हात ठेवला.

"बाळाला ऐकू येईल ना, आई?"

"येईल. आपण वेळेत थांबवलंय."

"दही थांबवलंस. पण ते आतड्यात आहेत ते?"

तिला मी लहानपणापासून शिकवलं होतं, नको तेवढं. आतड्यात बसलेल्या त्या जिवाणूला मारायचं कशानं? तो स्वतःच्या औषधाला दाद देत नव्हता, आणि जुनी औषधं तर कशालाच लागू पडत नव्हती. तो आपण होऊन कमी होईल अशी वाट बघायची, एवढंच हातात होतं.

"तूच वाढत होतीस ना," ती म्हणाली. रागानं नाही, नुसतं म्हणाली. ते मला रागापेक्षा जास्त लागलं. त्यानंतर बरेच दिवस ती स्वतःचं ताट स्वतः वाढून घ्यायची.

अहवाल मी लिहिला. कौस्तुभनंही त्यावर सही केली, हे त्याच्या बाजूनं सांगायला हवं. जाताना तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही मला विचारलं नसतंत तर मी हे यंत्र राज्यभर असंच लावत गेलो असतो. प्रत्येक ठिकाणी तिथल्याच माणसांवर." आमच्या रुग्णालयानं कमिटी नेमली. कमिटीनं आणखी पुरावा मागितला. कंपनीनं कळवलं की कुलूप अभेद्य आहे. डॉक्टरांना मी मात्र फोन करकरून आमच्या प्रत्येक आकड्यात शून्य पूर्णांक सहा मिळवायला लावलं, आणि त्या वेळी जे रुग्ण तारकवर होते त्यांच्या पुड्या तरी कमी झाल्या.

पण विरजणाचं काय? मी सोसायटीत दारोदार फिरले. सगळं दही ओता, भांडी उकळा, नवं विरजण बाहेरगावाहून आणा, असं सांगत. आधी बायका हसल्या. मग काहींना राग आला. तिसऱ्या मजल्यावरच्या खोतवहिनी दारातच म्हणाल्या, "मगदूमवहिनी, अहो तुमच्याकडनंच तर नेलं होतं की आम्ही! मी माझ्या बहिणीला दिलं, जयसिंगपूरला. तिनं तिच्या लेकीला दिलं. आता ती बेळगावात." त्या माझ्याकडे दोषानं बघत नव्हत्या, त्यांना खरंच मदत करायची होती. "कुणाकुणाला फोन करू सांगा," म्हणाल्या.

औषधाच्या बाटलीवर नंबर असतो, ती परत मागवता येते. विरजण मागायला शेजारीण वाटी घेऊन येते, तुम्ही चमचाभर घालता, आणि कुणी कुणाला विचारत नाही की हे मुळात कुणाकडचं. मी खोतवहिनींच्या दारात उभी होते आणि त्यांच्या घरातला टीव्ही इतका मोठा लावलेला होता, की त्या मला काय म्हणाल्या ते मला दोनदा विचारावं लागलं. टीव्ही मोठा आहे हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मुक्ताला दिवस भरल्यावर मुलगा झाला. तीन किलोला थोडा कमी, गोरटेला, जावळ भरपूर. नाळेतलं रक्त मी स्वतः यंत्रात घातलं. आकडा आला. मी तो मुक्ताला सांगितला नाही, तिनंही विचारला नाही. बाळ रडायचं, दूध प्यायचं, दिव्याकडे बघायचं. मी टाळी वाजवली की कधी दचकल्यासारखं वाटायचं, कधी नाही. टाळीचा वारा त्याला लागला असेल, असं मनात यायचं आणि मी तो विचार झटकून टाकायचे. आजी झालं की माणसाची अक्कल अर्धी होते म्हणतात. माझी तेवढीही उरली नव्हती.

दीड महिन्यानं परीक्षित जहाजावरून सुट्टी घेऊन आला. विमानतळावरून थेट रुग्णालयातच, कारण त्याच दिवशी बाळाच्या कानांची तपासणी होती. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हा तो इतका रडला की मुक्ता हसायला लागली. कितीतरी दिवसांनी हसली. नसरीनही रजा टाकून आली होती. तिनं बाळाला अब्बांनी पाठवलेला खुळखुळा दिला, भोपळ्याच्या लहानशा तुकड्याचा.

कानांच्या विभागातली शाल्मली मोठी गोड मुलगी. आमच्याच कॅन्टीनमध्ये जेवते, मला ओळखते. तिनं आम्हाला एका भिंती जाड असलेल्या खोलीत बसवलं. बाळ मुक्ताच्या मांडीवर, दोन्ही बाजूंना दोन स्पीकर. "आता मी हळू आवाजात एक उंच स्वर लावणार," ती म्हणाली. "बाळानं डोळे मोठे केले, किंवा दूध ओढताना थांबलं, की समजायचं ऐकू आलं. घाबरू नका, मॅडम. आमच्याकडे हल्ली सगळी बाळं पास होतात."

तिनं बटण दाबलं. खोलीत एक बारीक, नाजूक स्वर आला, पहाटे दूर कुणीतरी बासरी फुंकावी तसा. बाळानं डोळे एकदम विस्फारले. हात उडाले. ओठ थरथरले.

"ऐकलं!" मुक्ता ओरडली. "आई, ऐकलं त्यानं!"

नसरीननं मला मिठी मारली. मी रडत होते, लाज न बाळगता रडत होते. शाल्मली टाळ्या वाजवत होती. "एवढा बारीक आवाज, आणि कसं पटकन!" ती म्हणत होती. "एकदम फर्स्ट क्लास!"

मग माझं लक्ष परीक्षितकडे गेलं. तो भिंतीला टेकून उभा होता. त्यानं दोन्ही हातांनी कान गच्च दाबून धरले होते आणि चेहरा वेडावाकडा केला होता.

"परीक्षित? काय झालं?"

"बंद करा ना ते!" तो ओरडला. "आई, केवढ्यानं लावलंय! कान फाटायची वेळ आली. एवढ्याशा बाळाला कशाला एवढं मोठ्यानं?"

शाल्मलीचे हात टाळी वाजवता वाजवता थांबले.

"शाल्मली," मी विचारलं, "हे यंत्र तुम्ही लावता कसं? त्याचं शून्य?"

"कंपनीचा माणूस वर्षातून एकदा येतो, मॅडम, मीटर घेऊन. यंदाचा अजून यायचाय. रोज सकाळी आम्हीच लावतो," ती म्हणाली. "आमच्यातलं कुणीतरी आत बसतं आणि अगदी जेमतेम ऐकू येईल इतपत आवाज वाढवून घेतो. तोच आमचा सगळ्यात हळू आवाज. पहिल्यापासूनची रीत आहे."

नसरीननं माझा दंड धरला. तिची बोटं रुतली.

"कमी कर," मी शाल्मलीला म्हणाले.

"किती कमी करू?"

"परीक्षित कानांवरचे हात काढेल तोवर."

तिनं गोल बटण हळूहळू मागे फिरवायला सुरुवात केली. आधी माझ्या कानांतून तो स्वर गेला. मी नसरीनकडे बघितलं, तिनं मान हलवली, तिचाही गेला होता. मग मुक्ताच्या डोळ्यांवरून कळलं की तिचाही गेला. शाल्मली थांबली आणि म्हणाली, "मॅडम, आता तर काहीच वाजत नाहीये."

परीक्षितनं हात काढले नव्हते. "अजून," तो म्हणाला. "अजून मोठाच आहे."

शाल्मली बटण फिरवत राहिली. शेवटी त्यानं हात खाली घेतले, सुस्कारा सोडला आणि म्हणाला, "हां. आता ठीक. आता नुसती बासरीसारखी ऐकू येतेय."

मी खाली वाकून बाळाकडे बघितलं. आम्हा कुणालाच ऐकू न येणाऱ्या त्या आवाजात ते शांतपणे आपली मूठ चोखत पडलं होतं.